नऊ इंचांची गल्ली

गेल्या काही आठवड्यांत या सदरासाठी आलेल्या पत्रांत एकच तक्रार वेगवेगळ्या हस्ताक्षरांत वाचावयास मिळाली. घर लहान, माणसे फार आणि सामान त्याहून फार. एका भगिनीने लिहिले आहे, "मुलाचे दप्तर कॉटखाली, माझी शिवणाची पिशवी सिलिंडरमागे आणि सासूबाईंची औषधे फ्रिजवर. एक वस्तू हवी असली की अर्धे घर उपसावे लागते. आम्ही काय करावे?"

या भगिनीला उपदेश करण्याचा आम्हाला अधिकार नाही. परवा-परवापर्यंत आमच्या घराचीही हीच गत होती. म्हणून या खेपेस उपदेश बाजूला ठेवून आमच्याच घरात काय घडले, त्यात आमचे काय चुकले आणि ती चूक आम्ही कशी निस्तरली, तेच सांगतो.

आमची खोली पुनर्वसनाच्या इमारतीतली, २२५ चौरस फुटांची. या योजनेतील घरे पुढे २६९ चौरस फुटांची झाली, आता ३०० चौरस फुटांची मिळतात. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग येथील बी. डी. डी. चाळींत तर आपल्या कितीतरी कुटुंबांच्या तीन-तीन पिढ्या १६० चौरस फुटांच्या खोलीत वाढल्या. वरळीत २०२५ साली पहिल्या काही कुटुंबांच्या हातात ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या आल्या, ही आनंदाची गोष्ट. परंतु सगळ्यांच्याच हाती अशी चावी येईल तेव्हा येईल. तोवर ज्या खोलीत आपण आज राहतो, तिचाच विचार केला पाहिजे.

आमच्या घरात आम्ही सहाजण. आई, आम्ही उभयता, दोन मुले आणि गावाहून शिकायला आलेली भाची. खोलीत शिरताच डाव्या हाताला लोखंडी कपाट आहे. हे कपाट आणि खिडकीची भिंत यांच्यामध्ये एक फट राहिलेली होती. आमच्या घरात तिला सगळे 'गल्ली' म्हणत. गल्लीत काय नव्हते? केरसुणी होती, मोडकी छत्री होती, मागच्या वर्षीचे कॅलेंडर होते, रद्दी होती, क्रिकेटची बॅट होती. जागा नसलेली प्रत्येक वस्तू गल्लीत जाई आणि गल्लीत गेलेली वस्तू परत दिसत नसे.

एका पिशवीची गोष्ट

भाचीने बारावीची परीक्षा चांगल्या गुणांनी पास केली. प्रवेशाचे दिवस आले. मूळ कागदपत्रे दाखवण्याचा शेवटचा दिवस उद्या, आणि आदल्या रात्री तिच्या लक्षात आले की कागदांची पिशवी जागेवर नाही. जागेवर म्हणजे तरी कुठे? तिला जागाच कुठे होती? कधी कपाटावर, कधी कॉटच्या गादीखाली, कधी मुलांच्या दप्तराशेजारी. सगळे घर जागे झाले. गाद्या उलट्या केल्या, डबे उघडून पाहिले, शेजाऱ्यांनाही विचारले. पहाटे चारच्या सुमारास आम्ही दोघांनी मिळून कपाट पुढे ओढले. पिशवी गल्लीत, अगदी तळाशी, भिंतीला चिकटून पडलेली होती.

पाऊस सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. ती भिंत बाहेरची. ओल पिशवीत शिरली होती. शाळा सोडल्याचा दाखला वाळवून वाचता येण्यासारखा निघाला. जात वैधता प्रमाणपत्र मात्र प्लॅस्टिकला चिकटले होते. सोडवताना सही आणि शिक्का अर्धा कागदावर राहिला, अर्धा प्लॅस्टिकवर गेला.

नवी प्रत मिळाली, नाही असे नाही. पण तोवर ती फेरी निघून गेली. पुढच्या फेरीत तिला जे महाविद्यालय मिळाले ते घरापासून जाण्यास दीड तास आणि येण्यास दीड तास. ती रोज पहाटे साडेपाचला निघते. तिने आजतागायत आम्हाला एका शब्दाने बोल लावलेला नाही. त्यामुळेच ती गोष्ट आमच्या मनातून जात नाही. यात कार्यालयाचा दोष नव्हता, पावसाचा नव्हता, मुलीचा तर नव्हताच. पोरगी शिकायला घरात आणली आणि तिच्या चार कागदांना एक वीत जागा नेमून दिली नाही, हा दोष आमचा.

परळच्या चाळीतील एकाच खोलीत दोघांना एका वेळी झोपायला जागा नाही म्हणून सुभेदार रामजी रात्री दोन वाजेपर्यंत जागत आणि मग भीमरावांना अभ्यासाला उठवून स्वतः आडवे होत, हा प्रसंग आपण जयंतीच्या प्रत्येक भाषणात ऐकतो. जागा नव्हती, तेव्हा त्या बापाने वेळेची वाटणी करून मुलाच्या अभ्यासाला जागा काढली. पुढे १९३० च्या दशकात बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधले, तेव्हा वरचा भाग ग्रंथांसाठी राखला. हे सगळे आम्हाला तोंडपाठ होते. तरीही आमच्या घरात पुस्तकांना आणि कागदांना मिळाली होती ती गल्ली!

भिंती पातळ झाल्या

आमच्या आईशी बोलताना एक गोष्ट ध्यानात आली. ती म्हणाली, "गावच्या घरात एवढं सामान कुठं दिसायचं रे?" खरेच आहे. गावच्या मातीच्या भिंती हात-हात जाड असत. त्या भिंतीतच कोनाडा असे, दिवळी असे, बऱ्या घरात लाकडी दारांचे फडताळ असे. धान्य उतरंडीत, कपडे वलनीवर, चिमणी दिवळीत. ज्या भिंतीने घर उभे राही तीच भिंत सामानही पोटात घेई. आज आपल्या खोलीच्या आतल्या भिंती चार ते सहा इंचांच्या. त्यांत कोनाडा कोरता येत नाही आणि कोरूही नये. फडताळ गेले, पण फडताळात राहणारे सामान गेले नाही. ते जमिनीवर आले.

मग उपाय काय? भिंतीच्या पोटातली जागा गेली, तर भिंतीच्या कडेची शोधायची. कपाटाशेजारची फट, दाराच्या मागची वीतभर जागा, दाराच्या चौकटीवरचा पट्टा, ओट्याच्या शेवटी राहिलेला तुकडा. अशा जागा मोठ्या बंगल्यात कुणी मोजत नाही. आपल्याला मोजल्या पाहिजेत.

पहिली चूक: एकच माप

आम्ही मोजले, पण अर्धवट. कमरेच्या उंचीवर टेप धरला, साडेनऊ इंच भरले. लगेच बाजारात जाऊन बरोबर साडेनऊ इंच रुंदीची तयार प्लॅस्टिकची मांडणी घेऊन आलो. ती गल्लीत शिरेना. वरून शिरे, खाली अडे. दुकानदार परत घेईना. ती मांडणी सध्या मोरीत बादल्यांशेजारी उभी आहे आणि रोज आम्हाला वाकुल्या दाखवते.

त्याच मजल्यावर एक वयस्कर काका राहतात. १९८२ च्या संपापर्यंत ते गिरणीच्या सुतारखात्यात होते. त्यांनी आमचा उद्योग पाहिला आणि भाचीला हाक मारली. "बाय, टेप आण. मामाला माप घेता येत नाही." मग त्यांनी तिच्याकडून सगळी मापे नव्याने घेवविली.

त्यांची रीत अशी. रुंदी तीन ठिकाणी मोजायची, जमिनीलगत, मध्यावर आणि जिथपर्यंत वस्तू जाणार तिथे वर. ही तीन मापे पुढच्या तोंडाशी घ्यायची आणि हात घालून मागच्या बाजूलाही घ्यायची. म्हणजे झाली सहा मापे. आमच्या गल्लीची मापे निघाली ती अशी: मध्यावर साडेनऊ इंच, वर ९ इंच ५ सूत आणि जमिनीलगत ९ इंच २ सूत. खाली भिंतीला जी फरशीची पट्टी लावलेली असते, तिने दोन सूत खाल्ले होते. वर भिंतच ओळंब्यात नव्हती. मागची मापेही याच तिन्हींच्या आतबाहेर होती. आठ सूत म्हणजे एक इंच हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांनी ध्यानात ठेवावे, कारण सुतार सुतातच बोलतो.

सहा मापांतले सर्वांत लहान तेच खरे माप. त्यातून हालचालीसाठी आणि हवेसाठी पाऊण इंच वजा करायचा. आमचे खरे माप ९ इंच २ सूत, म्हणजे वस्तू साडेआठ इंचांची. खोली, म्हणजे पुढून मागे, कपाटाच्या खोलीइतकी न घेता इंचभर कमी घ्यावी. आमची १८ इंच घेतली. काकांचे म्हणणे असे की, माप चुकले तर लाकूड फुकट जाते, आणि लाकूड विकत आणावे लागते. मापाला पैसे पडत नाहीत.

काय करायचे ठरले

साडेआठ इंच रुंद आणि १८ इंच खोल अशा फटीत नुसत्या फळ्या मारल्या, तर मागची वस्तू कधीच हाती लागणार नाही. पुन्हा गल्लीच तयार होणार. म्हणून चाकांवर सरकणारे उभे कपाट करायचे ठरले. पुढची मूठ धरून ओढले की सगळे कपाट बाहेर येते आणि बाजूने सगळ्या वस्तू दिसतात. ढकलले की आत जाते, पुढून दिसते ती फक्त साडेआठ इंचांची एक फळी.

कुठली बाजू उघडी ठेवायची, हे आधी ठरवावे. आमच्या एका बाजूला खिडकीची भिंत आहे, ती पुढे चालू राहते. म्हणून भिंतीकडची बाजू बंद आणि कपाटाकडची उघडी. बंद बाजूचा दुसरा फायदा असा की भिंतीची ओल थेट वस्तूंना लागत नाही. एवढे मात्र पाहावे की कपाट बाहेर ओढण्यासाठी समोर दीड फूट मोकळी जागा आहे ना. समोर कॉट असेल तर हा बेत उपयोगाचा नाही. तिथे भिंतीवर उथळ फळ्याच बऱ्या.

उंची किती? आम्ही छतापर्यंत म्हणत होतो. काकांनी साफ नकार दिला. "आत असताना एका अंगाला भिंत धरते, दुसऱ्या अंगाला कपाट धरते. बाहेर आलं की कोण धरणार? साडेआठ इंचांच्या पायावर छताएवढं उभं केलंस तर पोरांच्या अंगावर येईल." म्हणून उंची ४७ इंच, चाके धरून चार फुटांच्या थोडी वर. जड पुस्तके नेहमी खाली, हलके सामान वर. आणि कपाट पूर्ण बाहेर येऊच नये यासाठी मागे नायलॉनची दोरी बांधून तिचे दुसरे टोक मागच्या भिंतीतल्या हुकाला अडकवले. १४ इंच बाहेर आले की दोरी ताणते, शेवटचे चार इंच गल्लीतच राहतात आणि तोल सांभाळतात. ज्यांच्या घरी लहान मुले आहेत त्यांनी ही दोरी विसरू नये. मूल कप्प्यावर पाय देऊन चढणारच, असे धरून चालावे.

सामान आणि कापणी

४७ इंचांचे आणखी एक कारण आहे, ते काटकसरीचे. प्लाय ८ फूट गुणिले ४ फूट अशा तक्त्यात येतो. आम्हाला सगळा तक्ता नको होता. पुष्कळ दुकानांत कापलेले तुकडे मिळतात, मोठ्या कामातून उरलेले. आम्ही १८ मिलिमीटर जाडीच्या, ८ फूट लांब आणि साडेआठ इंच रुंद अशा दोन पट्ट्या कापून घेतल्या. ८ फूट म्हणजे ९६ इंच. पहिल्या पट्टीतून ४७ इंचांचे दोन तुकडे निघाले, एक पुढची फळी आणि एक मागची. करवतीच्या पात्याला दोन-तीन सूत जातात, म्हणून ४८ धरू नयेत. दुसऱ्या पट्टीतून साडेसोळा इंचांचे पाच तुकडे निघाले. तळ, माथा आणि मधल्या तीन फळ्या. साडेसोळा का? १८ इंचांतून पुढच्या-मागच्या फळीची जाडी, म्हणजे पाऊण आणि पाऊण इंच वजा. बंद बाजूसाठी ६ मिलिमीटरचा पातळ प्लाय, ४७ गुणिले साडेसोळा इंचांचा एक तुकडा. हा पातळ प्लाय आतल्या अंगाने बसतो, म्हणून पाचही फळ्यांची रुंदी दोन सूत कमी करून सव्वाआठ करून घेतली. दुकानातच यंत्रावर कापून घ्यावे. घरी हातकरवतीने कापताना सरळ रेघ राहत नाही.

प्लाय ओल सोसणारा मागावा. भुशाच्या दाबलेल्या पाट्या स्वस्त मिळतात, पण त्या पाणी पितात आणि फुगतात. आपल्या पावसाळ्यात त्यांचा भरवसा नाही.

बाकी सामान थोडे. दीड इंची स्क्रू, पांढरा डिंक, चार चाके, एक मूठ, थोडा ऑईलपेंट. चाके दोन इंची घ्यावीत आणि जागच्या जागी गरगर फिरणारी घेऊ नयेत. सरळच चालणारी घ्यावीत. फिरणारे चाक अरुंद जागेत आडवे होते आणि कपाट अडकते. काकांनी हे सांगितले नसते तर आम्ही तीच घेतली असती, दिसायला ती छान असतात.

जोडणी

जोडणी एका रविवारी केली. काका खुर्चीवर बसून सांगत होते, भाची आणि आमचा थोरला काम करीत होते, आम्ही चहा देण्याचे काम केले.

आधी पुढच्या आणि मागच्या फळीवर पेन्सिलने कप्प्यांच्या खुणा केल्या. दोन्ही फळ्या शेजारी-शेजारी ठेवून एकदमच रेघा मारल्या, म्हणजे कप्पे तिरपे होत नाहीत. खालचा कप्पा साडेबारा इंच उंच, त्यात फाईली आणि मोठी पुस्तके. त्यावरचा ११ इंच, त्यावरचा १० इंच आणि सर्वांत वरचा पावणेदहा. मोठी फाईल आडवी मावली नाही तर लांबीत उभी ठेवावी, साडेसोळा इंच लांबी मिळतेच.

प्लायच्या कडेत थेट स्क्रू पिळला तर थर उकलतात. म्हणून आधी बारीक भोक पाडावे, मग डिंक लावावा, मग स्क्रू. प्रत्येक फळीला प्रत्येक टोकाला तीन स्क्रू. शेवटी पातळ प्लाय मागून बसवण्याआधी चौकट काटकोनात आहे का ते पाहावे. गुण्या नसला तरी चालतो. एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंत मोजावे, मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांमध्ये मोजावे. दोन्ही मापे सारखी आली की चौकट सरळ. भाची एकदम म्हणाली, "मामा, हे तर नववीच्या भूमितीत आहे. आयताचे कर्ण समान असतात." काका हसले. म्हणाले, "मी नववीला गेलो नाही, पण कर्ण मलापण समानच लागतात."

डिंक वाळेपर्यंत दाबून धरायला शिकंजे नव्हते. मामीने जुन्या साडीचे काठ फाडून दिले. त्यांनी चौकट आवळून बांधली आणि रात्रभर तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी चाके बसवली. रंगाचे दोन हात दिले, कापलेल्या कडांना तीन, कारण ओल कडेतूनच आत शिरते. वस्तू उघड्या बाजूने पडू नयेत म्हणून प्रत्येक कप्प्याला पडद्याची स्प्रिंगची तार आडवी ताणली. ती काही रुपयांत मिळते आणि एका बोटाने बाजूला करता येते.

सगळा खर्च दोन हजार रुपयांच्या आसपास आला. दर गावोगाव आणि दुकानागणिक निराळे असतील, पण सुताराकडून तयार करून घेण्यासाठी जी रक्कम आम्हाला सांगितली होती तिच्या तिसऱ्या हिश्श्यात काम झाले. ज्यांना हे हाताने जमणार नाही त्यांनी संकोच करू नये. मापे आणि कापलेले तुकडे तयार असले तर जोडणीचीच मजुरी द्यावी लागते.

ओलीचा बंदोबस्त आधी

हे सगळे करण्याच्या आधीचे एक काम आम्ही मुद्दाम मागे ठेवले, कारण ते लक्षात राहावे. ओल्या भिंतीशेजारी कितीही चांगले कपाट ठेवले तरी त्यातले कागद वाचत नाहीत. भिंतीवर वीतभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवावा आणि एक दिवस तसाच ठेवावा. भिंतीकडच्या अंगाला पाण्याचे थेंब जमले तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या अंगाला जमले तर ती घरातल्या वाफेची, तिला वारा खेळता हवा. आमच्याकडे भिंतीकडून निघाली. बाहेरून एक तडा गेलेला होता. तो पावसाळ्यानंतर सोसायटीच्या मागे लागून बुजवून घेतला, भिंत दोन महिने वाळू दिली आणि मगच कपाट आत सरकवले.

आणखी दोन सूचना. खांब, तुळई किंवा विजेची वायर जाते त्या ठिकाणी भोक पाडू नये. आणि गॅसची नळी, विजेचा बोर्ड किंवा बाहेर पडण्याची वाट अडेल असे काहीही उभे करू नये. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांना हे चाकांचे कपाट विशेष सोयीचे. मागच्या एका हुकाखेरीज भिंतीला हात लावावा लागत नाही आणि खोली बदलली तर ते बरोबर नेता येते.

कागदांविषयी थोडे

कपाटाच्या सर्वांत वरच्या कप्प्यात घट्ट झाकणाचा एक डबा ठेवला आहे. त्यात घरातल्या प्रत्येकाचे एक पाकीट. जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, गुणपत्रिका. मूळ कागद लॅमिनेट करू नयेत. उष्णतेने चिकटलेले प्लॅस्टिक पुढे कागद न फाडता काढता येत नाही. साध्या पारदर्शक पाकिटात सुटे ठेवावेत आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा डबा उघडून पाहावा. प्रत्येक मूळ कागदाच्या दोन-दोन झेरॉक्स वेगळ्या ठिकाणी, शक्यतो वेगळ्या घरी ठेवाव्यात. २०१५ सालापासून सरकारची डिजिलॉकरची सोय आहे, तिथे मिळतील ते दाखले उतरवून घ्यावेत. पण मोबाईलवर आहे म्हणून मूळ कागदाकडे दुर्लक्ष करू नये.

आणि डबा कुठे आहे हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असावे. आमच्या घरी त्या रात्री पिशवी कुठे आहे हे सहापैकी एकालाही सांगता आले नव्हते.

कप्प्यांची वाटणी

कपाट झाले, आत सरकले, बाहेर आले. सगळ्यांनी एकदा-एकदा ओढून पाहिले. मग भाचीने कागदाच्या पट्ट्या कापून कप्प्यांवर नावे लिहिली. खालचा कप्पा तिचा, त्यात तिची महाविद्यालयाची पुस्तके. दुसरा दोन्ही मुलांचा, मध्ये पुठ्ठा घालून वाटून दिलेला, कारण ते भांडतात. वरच्यात कागदांचा डबा. तिसऱ्या कप्प्यावर तिने लिहिले, "आजी".

आई म्हणाली, "मला कशाला? माझं काय आहे ठेवायला?" दोन दिवस तो कप्पा रिकामा होता. तिसऱ्या दिवशी त्यात चष्म्याची डबी दिसली. मग बँकेचे पासबुक आले, औषधांची पिशवी आली, बुद्धवंदनेची छोटी पुस्तिका आली. मग एके दिवशी रुमालात बांधलेली एक पुरचुंडी आली, ती आम्ही अद्याप उघडून पाहिलेली नाही. आईचे वय बहात्तर. माहेरी सहा भावंडे, सासरी एकत्र कुटुंब, मग मुंबईची खोली. या बहात्तर वर्षांत घरातला एखादा कोपरा तिच्या एकटीचा होता असे आम्हाला आठवत नाही. तिने कधी मागितला नाही आणि आम्हाला कधी सुचले नाही. सुचले ते सतरा वर्षांच्या पोरीला.

वाचक बंधू-भगिनींनो, ज्या भगिनीच्या पत्राने आम्ही सुरुवात केली तिला आमचे सांगणे इतकेच. नवीन काही विकत घेण्यापूर्वी एका संध्याकाळी टेप घेऊन घरातल्या सगळ्या फटी मोजाव्यात. प्रत्येक फट सहा ठिकाणी मोजावी आणि मापे वहीच्या पानावर लिहून काढावीत. मोजण्याचे काम मुलांना द्यावे, त्यांना ते आवडते. मग घरातल्या प्रत्येकाच्या नावापुढे लिहावे की या माणसाच्या वस्तूंना या घरात नेमकी जागा कोणती. ज्याच्या नावापुढे काही लिहिता येणार नाही, त्याच्यापासून कामाला सुरुवात करावी. आमच्या घरी त्या यादीत दोन नावे कोरी निघाली असती, घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईचे आणि शिकायला आलेल्या मुलीचे.

भाची आता दुसऱ्या वर्षाला आहे. पहाटे साडेपाचला निघताना ती अंधारात, कुणाला न उठवता कपाट ओढते, आपली पुस्तके घेते आणि पुन्हा आत ढकलते. चाकांचा थोडा आवाज होतो. तो ऐकून आम्ही जागे होतो. तिचा तीन तासांचा रोजचा प्रवास या कपाटाने वाचलेला नाही, याची आम्हाला जाणीव आहे. धाकट्या दोघांच्या वेळी तरी घरातून कागद हरवणार नाही, एवढी तजवीज झाली आहे.

पुढच्या खेपेस दाराच्या वरच्या पट्ट्यातल्या फळीविषयी लिहू. तुमच्या घरातली मापे आणि अडचणी पत्राने जरूर कळवा. जयभीम!